शाळेचा वाचलेला खर्च कुठं जातो

सरकारनं शाळेचं अनुदान कापलं अशी हेडलाइन शेवटची कधी वाचली, आठवून बघा. मला तरी आठवत नाही. येतात त्या बातम्या अशा की संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवायचे, निकष बदलले, अंड्याचा निधी थांबवला, शिपायाच्या पदाऐवजी भत्ता मिळणार, अमुक शिष्यवृत्ती आता नववीपासूनच. दोन बोटांची बातमी, तीही आतल्या पानावर, आणि भाषा अशी की वाचताना वाटावं काहीतरी सुधारणाच चाललीय. मी सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिते, दिवसभर टॅलीत जमा-नावे करून मला एक खोड लागलीय, कुणी खर्च वाचवला म्हटलं की पहिलं डोक्यात येतं, बरं, मग टाकला कुणाच्या नावावर? पेढीनं हमाल बंद केला म्हणून गठाणी काय आपोआप टेम्पोत चढत नाहीत ओ, ड्रायव्हर चढवतो नाहीतर गिऱ्हाईक चढवतं. शाळेचंही तेच आहे, फक्त तिथं शेवटी गठाण कुणाच्या पाठीवर जाते ते बघायला कुणी जात नाही.

मला ते बघायला मिळतं कारण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका महापालिकेच्या शाळेत माझी जुनी मैत्रीण मुख्याध्यापिका आहे. शाळेचं नाव नको, तिची नोकरी आहे. पूर्व भाग म्हणजे यंत्रमाग, विडी, टॉवेल-चादरीचे कारखाने, एका गल्लीत तेलुगू, पुढच्या गल्लीत कन्नड, त्याच्या पलीकडं उर्दू, आणि मराठी सगळ्यांची. महापालिकेच्या शाळाही त्यामुळं चारही भाषांच्या. मीसुद्धा तसल्याच शाळेत शिकले, बाबा मागावर होते. मार्च आला की मैत्रिणीचा फोन येतो, "लिमिट आलंय, रविवारी ये की." मग मी जाते, ती चहा सांगते आणि आम्ही व्हाउचर लावत बसतो.

हे लिमिट प्रकरण थोडं सांगायला पाहिजे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं, ते पटावर ठरतं. तीस पोरांपर्यंत १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार. वर्षाचं हां, महिन्याचं नाही. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवरच घालायचे. उरलेल्यात खडू, हजेरीपत्रकं, प्रिंटरची शाई, नळाची तोटी, तुटलेली खिडकी, फिनेल, जमलं तर लाईट बिल. आधी पैसे शाळेच्या खात्यात यायचे, आता पैसा वरच्या एकाच खात्यात राहतो आणि शाळेला फक्त खर्चाची मर्यादा दिसते. ऑनलाइन एकानं बिल टाकायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं, मग पीपीए नावाचा कागद छापून बँकेत न्यायचा. कागदावर सिस्टिम चांगली आहे, मी हिशेबवाली आहे, पैसा कुठं गेला ते दिसतं, मला आवडतं. अडचण वेगळीच आहे. शाळा जूनमध्ये उघडते आणि लिमिट बऱ्याचदा वर्ष संपायला आलं की येतं, आणि ३१ मार्चच्या आत नाही संपवलं तर परत जातं. म्हणजे जून ते फेब्रुवारी शाळा कशावर चालते? बाईंच्या पर्सवर. शिक्षकांच्या वर्गणीवर. दुकानदाराच्या उधारीवर. आणि यातलं काहीच नसेल तर नळ तसाच गळत राहतो.

कपात म्हणजे फक्त रक्कम कमी होणं असं आपल्याला वाटतं, पण वेळेवर न आलेला पैसा हीसुद्धा कपातच आहे. श्रीमंत शाळेला हे कळायचं नाही, तिची फी जूनच्या आधी जमा होते.

आता पाणी बघा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही, चार-चार दिवसाआड येतं आणि येतं तेव्हा वेळेचा पत्ता नसतो. घरी आपण जागून भरतो. शाळेत कोण भरणार? मैत्रिणीच्या शाळेतला शिपाई रिटायर झाला, त्याच्या जागी कुणी आलंच नाही. सफाईला एक मावशी येतात, पण त्यांच्याकडं अजून एक शाळा आहे. मग टाकी रिकामी आणि संडासाला कुलूप. कुलूप का, तर पाणी नसताना वापरलं की घाण होते आणि साफ कोण करणार म्हणून. सहावी-सातवीच्या मुली घरनं बाटली भरून आणतात आणि संध्याकाळी जवळपास तशीच घेऊन जातात. मार्चच्या उन्हात, सोलापूरच्या. मी एकीला विचारलं, पाणी का पीत नाहीस गं? ती माझ्याकडं असं बघायला लागली की मॅडम एवढंही कळत नाही का तुम्हाला. पाणी प्यायलं की जावं लागतं ना. महिन्यातले ते चार दिवस तर ती येतच नाही. हजेरीपत्रकात नुसता गैरहजर असा शेरा पडतो, त्याच्या मागं न भरलेलं एक पद आहे हे तिथं कुठं लिहितात?

अनुदानित हायस्कूलचं तर कागदावरच ठरलंय. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं तिथली शिपायाची पदं पुढं न भरता शाळेला शिपाई भत्ता द्यायचा ठरलं, मुंबई-पुण्याला महिना १० हजार, बाकीच्या महापालिका हद्दीत साडेसात हजार, ग्रामीणला पाच हजार. साडेसात हजारात शहरात पूर्ण वेळ माणूस मिळतो का हे ज्यानं ठरवलं त्यानं एकदा अशोक चौकात येऊन विचारावं. माणूस मिळतो, पण दोन तासाचा.

अंड्याची गोष्ट ताजी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. आमच्याकडच्या पोरांना त्याचं केवढं अप्रूप! अंड्याच्या दिवशी वर्ग कसे गच्च. जानेवारी २०२५ च्या अखेरीस निर्णय आला की अंडी आणि नाचणी सत्त्वाच्या साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही, द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या. वर्षाला ५० कोटींच्या आसपास वाचतील असं तेव्हा छापून आलं होतं. राज्याच्या बजेटपुढं ५० कोटी म्हणजे किती ते जाऊ दे, मला लोकसहभाग याचीच गंमत वाटते. जिथं लोकांकडं पैसा आहे तिथली पोरं त्या शाळेत असतात का? आमच्या शाळेतला लोकसहभाग म्हणजे विडी वळणाऱ्या बायका आणि मागावरचे कामगार. म्हणजे पोराचं अंडं बापाकडूनच घ्या आणि त्याला लोकसहभाग म्हणा. अंडं वगळून जे शिजतं त्याचाही हिशेब सांगते, मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका पोरामागं डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळं धरून दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे, तांदूळ तेवढा वेगळा. कन्ना चौकात या पैशात एक कट चहा पण नीट येणार नाही.

आता घरात येऊ, कारण खर्च शेवटी तिथंच उतरतो. आमच्या गल्लीच्या मागं एक अक्का राहतात, तेलुगू बोलणाऱ्या, मराठी फर्स्टक्लास. त्यांची मधली मुलगी सातवीत, मैत्रिणीच्याच शाळेत. अक्का सकाळी उंबऱ्याशी बसतात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून ओलसर ठेवलेली पानं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू घालून वळायचं, सूत गुंडाळायचं, टोक दाबून बंद करायचं. बोटं बघताच येत नाहीत एवढी पटापट. हजार विड्यांमागं मजुरी, वळलेल्यातल्या काही कारखान्यात छाट म्हणून बाजूला जातात, त्याचे पैसे नाहीत. मुलगी शाळेतनं आली की दप्तर टाकून तोंडं बंद करायला बसते. ते काही फार वाईट वगैरे मी म्हणत नाही, मीही आईबरोबर टॉवेलच्या दश्या वळल्यात, गरिबाच्या घरात पोरं हात लावतातच.

पण अक्कांच्या दिवसाचा हिशेब मांडून बघा. शिष्यवृत्तीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा, शाळेत कॉम्प्युटर आहे पण लाईट बिल थकलं की कनेक्शन जातं आणि भरणारा क्लार्क नाहीच, म्हणून नेट कॅफेत जा. आधारला मोबाइल नंबर जोडलेला नाही, मग आधार सेंटरला लाईन लावा. बँक खातं बंद पडलंय, केवायसी करा. विडी कामगारांच्या पोरांना केंद्राच्या कामगार कल्याणची शिष्यवृत्ती आहे, पहिली ते चौथीला वर्षाला हजार, पुढं वाढत जाते, ती मिळवायला विडी कामगाराचं कार्ड, दवाखान्याचा सही-शिक्का, शाळेचा बोनाफाईड. प्रत्येक फेरीला अर्धा दिवस, म्हणजे चार-पाचशे विड्या. दोन-तीन फेऱ्या झाल्या की शिष्यवृत्तीतले काही पैसे आधीच गेले की नाही? शाळेत कधीकाळी असलेल्या क्लार्कचं काम आता अक्का करतात, बिनपगारी, वर स्वतःची मजुरी बुडवून. सरकारी हिशेबात क्लार्कचा पगार वाचला. अक्कांच्या नावावर पडला तो कुठल्याच वहीत नाही.

आणि या कल्याण निधीचीही एक कथा आहे. १९७६ च्या कायद्यानं विड्यांवर उपकर लागायचा आणि त्यातनं विडी कामगारांचे दवाखाने, घरं, पोरांची शिष्यवृत्ती चालायची. २०१७ ला जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. शिष्यवृत्ती चालू आहे, पण हक्काचा वेगळा झरा आटला, आता दरवर्षी बजेटच्या तोंडाकडं बघायचं.

शेजारच्या उर्दू शाळेत वेगळंच. अल्पसंख्याक मुलांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती होती पहिली ते दहावी. २०२२ मध्ये केंद्रानं पहिली ते आठवी बंद केली, फक्त नववी-दहावी ठेवली. कारण काय दिलं, तर शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) आठवीपर्यंत शिक्षण मोफत आहेच. मोफत! वही मोफत नाही, चप्पल मोफत नाही, रिक्षा मोफत नाही, पण कायद्यात शब्द आहे ना. लहान वर्गांना वर्षाला हजारच मिळायचे, पण जूनमध्ये दप्तर-वह्या-चप्पल त्यातच निघायचं. मग आता? शिलाईचं काम घेणाऱ्या एक खाला मला सांगत होत्या, मोठ्याचं दप्तर धाकट्याला, धाकट्याचं काही नाही.

मुलींचा उपस्थिती भत्ता तर मला आता हसायलाच येतं. १९९२ पासून आहे, दुर्बल घटकातल्या प्राथमिकच्या मुलीला शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया. तेव्हा रुपयाला काहीतरी किंमत होती, आईच्या हातात वर्षाला दोनशे-सव्वादोनशे रुपये पडायचे म्हणजे वह्या निघायच्या. तीस वर्षं उलटली तरी रुपयाच. कुणी कापला नाही हो तो, नुसता तिथंच ठेवला. गणवेशाचंही तसंच, एका जोडाला ३०० रुपये, शिलाई धरून. साखर पेठेत जाऊन ३०० मध्ये कापड आणि शिलाई करून दाखवा, मी तुम्हाला हुरडा पार्टी देते. २०२४ ला एक राज्य एक गणवेश म्हणून सगळं वरून करायला गेले, पोरं दिवाळीपर्यंत जुन्याच कपड्यात, शेवटी वर्षाअखेर काम परत शाळा समितीकडं दिलं.

शिक्षकांवर लिहायला बसले तर वेगळा लेख होईल, तरी थोडं. २०१२ पासून राज्यात शिक्षक भरती जवळपास थांबली ती पवित्र या भरतीच्या सरकारी पोर्टलवरून हलायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात रिटायर झालेल्यांच्या जागा रिकाम्या. नवीन आला तर तीन वर्षं शिक्षण सेवक, प्राथमिकला मानधन महिना ६ हजार, ते २०२३ मध्ये १६ हजार झालं. मग मार्च २०२४ ची संचमान्यता, सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली असेल तर शिक्षकाचं पदच मंजूर नाही. आमच्याकडं पटाचं गणित कसं फिरतं बघा, शिक्षक कमी म्हणून एक बाई दोन वर्ग धरून बसते, त्यात निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, ट्रेनिंग. आई-बाप बघतात की वर्गात बाईच नाही, मग कर्ज काढून पोराला गल्लीतल्या इंग्लिश मीडियमला टाकतात, जिथली टीचर बारावी झालेली असते पण वर्गात असते. पट घसरतो, पट घसरला की अनुदान घसरतं, पद जातं, आणि मग अधिकारी म्हणतात लोकांनाच सरकारी शाळा नको आहे. तेलुगू आणि कन्नड वर्गांना हे सगळ्यात आधी लागलं.

सगळा दोष पैशाचाच असं मी म्हणणार नाही. प्लॉटिंगच्या धंद्यात असलेले मास्तरही मला माहीत आहेत, वर्गात मोबाइल बघत बसणारेही. आणि कुणी ना कुणी लगेच डिसले सरांचं नाव काढतं, आपल्याच जिल्ह्यातले, माढा तालुक्यातल्या परितेवाडीची झेडपी शाळा, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज, मनात असेल तर काय होत नाही म्हणून. अभिमान मलाही आहे. पण शाळेत पाणी भरायला माणूस हवा असेल तर त्याचं उत्तर बक्षीस मिळवणारा मास्तर असं कसं असेल?

माझा भाचा अमेरिकेत आहे, सोलापूरचा प्रत्येक दुसरा हुशार पोरगा आधी पुण्यात आणि मग तिकडं. तो सांगत होता तिकडं सरकारी शाळेच्या पैशाचा मोठा हिस्सा त्या भागातल्या घरपट्टीतनं येतो, म्हणून महाग घरांच्या वस्तीत शाळा चांगली आणि चांगल्या शाळेमुळं घरं अजून महाग. म्हणजे गरिबाचं तिथंही तेच. त्यानंच मला जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या तिघांचा २०१६ ला छापलेला अभ्यास पाठवला. जिथं बारा वर्षं शाळेवरचा दर मुलामागचा खर्च दहा टक्के जास्त राहिला तिथली गरीब घरातली मुलं जवळपास अर्धा वर्ष जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांची कमाई साडेनऊ टक्क्यांच्या आसपास जास्त निघाली. सुखवस्तू घरातल्या मुलांना एवढा फरक पडला नाही, साहजिकच आहे, त्यांच्या घरात आधीच सगळं असतं. हे वाचल्यावर मी माझ्या घरपट्टीचं बिल काढून बघितलं. त्यात शिक्षण कर म्हणून वेगळी ओळ असते, तुमच्याही असेल, १९६२ च्या कायद्यापासूनचा आहे, महापालिका गोळा करते आणि राज्याकडं जातो. इन्कम टॅक्सवर आरोग्य आणि शिक्षणाचा चार टक्के उपकर वेगळा. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर घाला, २०२० च्या धोरणात परत तेच सहा टक्के. देणारे देतायत. आमच्या शाळेच्या टाकीपर्यंत काय पोचतं ते वर लिहिलंच आहे.

परवा शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग होती, मैत्रीण म्हणाली तू पण बस. समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, त्यात अक्कासुद्धा आहेत. विषय एकच, पाणी भरायला आणि संडास धुवायला रोज दोन तास माणूस ठेवायचा का. एकानं सुचवलं, प्रत्येक पालकानं महिना वीस रुपये काढायचे. मागावरचे एक भाऊ भडकले, "मोफत शाळा म्हणता आणि वर वीस रुपये? आज वीस, उद्या पन्नास, मग मी इंग्लिश मीडियमलाच टाकतो की." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मैत्रीण म्हणाली सक्ती नाही, कुणाकडनं मागणार नाही, कायद्यानं मागताच येत नाही. मग बराच वेळ नुसती भांडणं, महापालिकेला पत्र किती वेळा दिलं, नगरसेवक काय म्हणाला, मागच्या वर्षीच्या रंगरंगोटीचे पैसे कुठं गेले. रंगरंगोटीचं व्हाउचर मीच लावलेलं, ते काढून दाखवलं तेव्हा जरा शांत झाले.

शेवटी अक्का म्हणाल्या, पैसे मी देणार नाही, पाणी येतं त्या दिवशी मी येऊन टाकी भरते, पण त्या दिवशी माझी अर्धी मजुरी बुडते ते तुमच्या वहीत लिहून ठेवा. मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं. इतिवृत्तात तसा कॉलम नसतो, तरी मी ठरावाच्या खाली लिहिलं, टाकी भरणे, पाण्याच्या प्रत्येक दिवशी पाचशे विड्यांची मजुरी, पालकाकडून. मागावरच्या भावांनी विचारलं हे मंजूर कोण करणार, त्यावर परत वाद सुरू झाला आणि मला पेढीवर जायचं होतं म्हणून मी निघाले.